पै-पैचा हिशेब, पायथॉनमध्ये

गेल्या अंकात या सदराने पायथॉन ही संगणकभाषा शिकणाऱ्या वाचकांकडून संख्यांविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एक सूचना आधीच करतो. या सदरात आज्ञा आणि आकडे दोन्ही देवनागरीत छापले आहेत, परंतु संगणकावर टंकताना ते रोमन लिपीत टंकावेत. आज्ञांच्या बाबतीत हे उघडच आहे. आकड्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट वाटते तितकी सरळ नाही, आणि तिच्याविषयी इंदूरच्या वाचकांनी स्वतंत्र प्रश्नच विचारला आहे.

प्रश्न: मी अकरावीत शिकते. वडिलांच्या किराणा दुकानासाठी दोन वस्तूंच्या किमतींची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ४५ आणि ३० या किमती दिल्या, तर उत्तर ७५ न येता ४५३० आले. किमतीला नगांच्या संख्येने गुणायला गेले, तर बेरजेपुरतेही उत्तर मिळाले नाही, थेट चूकच दाखवली. माझे काय चुकले? — एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: तुमची बेरीज चुकलेली नाही, पायथॉनने बेरीज केलीच नाही, त्याने दोन शब्द एकमेकांना जोडले. 'इनपुट' ही आज्ञा कळफलकावरून आलेले सारे काही मजकूर म्हणून, म्हणजे स्ट्रिंग म्हणून, हाती देते, मग तुम्ही नाव टंकलेले असो वा किंमत. मजकुरांमध्ये अधिक चिन्ह घातले की ते एकापुढे एक चिकटतात. मजकुराला पूर्णांकाने गुणले, तर तो तितक्या वेळा पुन्हा लिहिला जातो, म्हणून "४५" गुणिले ३ याचे उत्तर "४५४५४५" असे येते. मात्र मजकुराला मजकुराने गुणणे म्हणजे काय, हे पायथॉनला ठाऊक नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये किंमत आणि नग हे दोन्ही 'इनपुट'मधून आलेले मजकूरच होते, म्हणून तेथे टाइप एरर मिळाली.

उपाय एका शब्दाचा आहे: 'इंट(इनपुट("किंमत: "))' असे लिहिले की आलेल्या मजकुराचा पूर्णांक होतो. परंतु किराणा दुकानात साडेपंचेचाळीस रुपयेही येणारच, आणि 'इंट("४५.५०")' ही आज्ञा व्हॅल्यू एरर देते, कारण पूर्णांक म्हणून वाचायच्या मजकुरात दशांशचिन्ह चालत नाही. उलट आधीच संख्या असलेल्या ४५.९९ ला 'इंट' लावला, तर तो कोणतीही तक्रार न करता ९९ पैसे कापून टाकतो आणि ४५ देतो. या दोन वागणुकींतील फरक ध्यानात ठेवावा. पहिली निदान ओरडते, दुसरी गुपचूप पैसे बुडवते. पैशांसाठी नेमका कोणता प्रकार वापरावा, ते इचलकरंजीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात पाहावे.

जाता जाता एक सांगतो. जुन्या पुस्तकांत किंवा शिकवणीच्या जुन्या टिपणांत 'इनपुट' आपोआप संख्या देतो असे लिहिलेले आढळले, तर ती टिपणे पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची आहेत असे समजावे. त्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी एका फाइलमधून पायथॉनमध्ये घेतली. कोल्हापुरातील दूरध्वनींचा एसटीडी कोड ०२३१ आहे, पण यादीत सगळीकडे २३१ झाला. शून्य कसे परत आणावे? — एक ग्रंथपाल, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: शून्य परत आणण्याचे मार्ग आहेत, मजकुराची 'झेडफिल' ही सोय त्यांपैकीच एक, पण माझा सल्ला असा की मुळात ते जाऊच देऊ नये. एसटीडी कोड ही संख्या नाही, ते आकड्यांनी लिहिलेले नाव आहे. ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: या दोन गोष्टींची बेरीज करण्याला काही अर्थ आहे काय? कोल्हापूरचा कोड अधिक पुण्याचा कोड याला काही अर्थ नाही. पिनकोड, बँकेचा खातेक्रमांक, परीक्षेतील बैठक क्रमांक, मोबाइल क्रमांक हे सगळे याच जातीचे. त्यांना मजकूर म्हणूनच वाचावे आणि मजकूर म्हणूनच जपावे.

तुमच्या बाबतीत 'इंट("०२३१")' ने सुरुवातीचे शून्य निरर्थक मानून टाकून दिले, आणि संख्येच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. हाच ०२३१ तुम्ही प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांशिवाय थेट लिहिला असता, तर सिंटॅक्स एरर आली असती. यामागे थोडा इतिहास आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतील समजला जाई, त्यामुळे ०२३१ चे मूल्य निमूटपणे १५३ धरले जाई. तिसऱ्या आवृत्तीत हा सापळा काढून टाकला आणि त्या जागी सरळ नकार ठेवला. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि सध्या नववीच्या मुलांसाठी पायथॉन शिकत आहे. एका मुलाने ०.१ + ०.२ केले, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ आले. वर्गात मला उत्तर देता आले नाही. संगणक बेरजेत चुकतो काय? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर: बेरजेत तो चुकत नाही. तुम्ही ज्या दोन संख्यांची बेरीज करायला सांगितली, त्या त्याच्यापाशी कधी पोहोचल्याच नाहीत. वर्गात हे समजावण्यासाठी एक तृतीयांशापासून सुरुवात करावी. आपल्या दशमान लेखनात एक तृतीयांश हा ०.३३३… असा कधीही न संपणारा आहे, कारण दहाच्या घातांना तीनने पूर्ण भाग जात नाही. कोणी आग्रहच धरला, तर आपण कोठेतरी थांबतो आणि थोडी तूट सोसतो. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, लिहितो, तेथे दशांश स्थळांच्या जागी निमपट, पावपट, आठवा, सोळावा अशी स्थळे असतात. या पद्धतीत फक्त तेच अपूर्णांक संपतात, ज्यांचा संक्षिप्त रूपातील छेद दोनचा घात आहे. एक दशमांशाचा छेद दहा, म्हणजे दोन गुणिले पाच. त्यातला पाच आडवा येतो. म्हणून द्विमान लेखनात एक दशमांश ०.०००११००११००११… असा अखंड चालत राहतो, आणि संगणकालाही कोठेतरी थांबावे लागते.

कोठे थांबायचे, हे आयईईई ७५४ नावाच्या प्रमाणाने १९८५ मध्ये ठरवून दिले. पायथॉनचा फ्लोट, म्हणजे दशांशचिन्ह असलेल्या संख्यांचा नेहमीचा प्रकार, त्यातील ६४ बिटांचा, म्हणजे ६४ द्विमान अंकांचा, प्रकार वापरतो. एक बिट चिन्हाचा, अकरा घातांकाचे आणि बावन्न अपूर्णांकाचे. एक अध्याहृत बिट धरून त्रेपन्न अंकांची अचूकता मिळते. दशमान हिशेबात ती साधारण पंधरा ते सतरा अंकांची भरते. त्यामुळे तुम्ही ०.१ लिहिता तेव्हा आत साठते ती संख्या ०.१००००००००००००००००५५५१११… अशी असते, म्हणजे किंचित जास्त. ०.२ देखील किंचित जास्तच साठतो. दोघांची बेरीज घेऊन ती पुन्हा जवळच्या साठवता येण्याजोग्या संख्येवर आणली की ०.३ साठी राखलेल्या संख्येच्या ती एक पायरी वर जाते.

मग एकटा ०.१ छापला, तर तो स्वच्छ का दिसतो, असे तुमचा विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारावेच. पायथॉन ३.१ पासून छपाई करताना अशी सर्वांत आखूड दशांश संख्या निवडली जाते, जी परत वाचली असता तीच साठवलेली संख्या मिळेल. ०.१ साठी ती "०.१" हीच आहे. हा शिष्टाचार डोळ्यांना सुखाचा आहे, पण त्यामुळे आतली तूट झाकली जाते आणि नवशिक्याला ती अचानक कोठेतरी भेटते. फेऱ्यांची आज्ञा लिहून ०.१ दहा वेळा मिळवला, तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. तेच काम 'सम' या आज्ञेकडे सोपवले, तर ३.११ पर्यंतच्या आवृत्त्यांत हेच उत्तर येते आणि २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ पासून मात्र १.० येते, कारण तेव्हापासून 'सम' फ्लोटची बेरीज करताना सांडलेली तूट वेगळी जपून शेवटी मिळवतो. दोन मुलांच्या दोन संगणकांवर दोन उत्तरे आली, तर गोंधळून जाऊ नये.

व्यवहारात दोन पथ्ये पाळावीत. दोन फ्लोट समान आहेत का, हे दुहेरी बरोबर चिन्हाने तपासू नये. त्यासाठी 'मॅथ' विभागातील 'इजक्लोज' वापरावे. आणि जेथे तूट साठत जाऊ शकते, तेथे फ्लोटने मोजणी करू नये. या दुसऱ्या पथ्याची किंमत एकदा फार भारी पडली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत होते आणि सेकंद काढण्यासाठी २४ बिटांत कापलेल्या एक दशमांशाने गुणत होते. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्याने ती सूक्ष्म तूट साचून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. गीदो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये लिहिलेली पायथॉनची पहिली आवृत्ती जगापुढे आली, तीही त्याच फेब्रुवारीत. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात सांगितला तर मुलांच्या लक्षात राहतो.

प्रश्न: माझ्या आजोबांचे वाईला कापडदुकान होते. त्यांच्या १९४६ ते १९५५ या काळातील वह्या मी पायथॉनमध्ये उतरवत आहे. रुपये-आणे-पै यांचे दशांशात रूपांतर करून दोन स्थळांपर्यंत लिहितो, उदाहरणार्थ ५ रुपये ३ आणे ४ पै म्हणजे ५.२१. महिन्याची बेरीज आजोबांनी वहीत लिहिलेल्या बेरजेशी बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. चूक आजोबांची की फ्लोटची? — एक वाचक, सातारा

उत्तर: दोघांचीही नाही, चूक तुमच्या दोन दशांश स्थळांची आहे. पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण संख्यांचे प्रकार शिकण्यासाठी याहून चांगला हिशेब शोधून सापडणार नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. तुमच्या नोंदीतील ३ आणे ४ पै म्हणजे चाळीस पै, आणि चाळीस भागिले एकशे ब्याण्णव याचे उत्तर ०.२०८३३३… असे न संपणारे आहे. त्याला ०.२१ केले की प्रत्येक नोंदीत सुमारे एक तृतीयांश पै वाढते. अशा तीन नोंदींची बेरीज करून पाहा. आजोबांच्या रीतीने पाच-तीन-चार तीन वेळा म्हणजे पंधरा रुपये नऊ आणे बारा पै, म्हणजेच पंधरा रुपये दहा आणे, काटेकोर. तुमच्या रीतीने १५.६३. खरे उत्तर १५.६२५ आहे. तिसऱ्या नोंदीलाच जवळजवळ एक पै वाढली. महिन्याच्या शंभर नोंदींत काय होत असेल, याचा अंदाज करता येईल. नोंदी कधी वर, कधी खाली ढळत असल्याने काही महिने जुळतात, हेही यातून उलगडते.

उपाय असा की सगळ्या नोंदी पैमध्ये करून पूर्णांक म्हणून साठवाव्यात: रुपये गुणिले १९२, अधिक आणे गुणिले १२, अधिक पै. पायथॉनचा पूर्णांक कितीही वाढला तरी एक पैदेखील सांडत नाही. बेरीज झाल्यावर परत यायचे असेल, तेव्हा 'डिव्हमॉड' ही आज्ञा वापरावी; ती भागाकार आणि बाकी एकदम देते. समजा बेरीज १००० पै आली. 'डिव्हमॉड(१०००, १९२)' हे ५ आणि ४० देते, 'डिव्हमॉड(४०, १२)' हे ३ आणि ४ देते. उत्तर पाच रुपये तीन आणे चार पै. आजोबा मनात जे करत होते, तेच हे आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे, कारण नाशिकच्या शिक्षिकांनाही ते उपयोगी पडेल. आण्याचा छेद सोळा, म्हणजे दोनचा चौथा घात. त्यामुळे कितीही आणे असले, तरी ते फ्लोटमध्ये तंतोतंत साठतात. एक आणा ०.०६२५ आहे आणि त्यात एका कणाचीही तूट नाही. जुन्या काळी आण्याचे चार पैसे होते. तो पैसाही रुपयाचा चौसष्टावा भाग असल्याने तंतोतंत साठतो. आपल्या पाढ्यांतील पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी यांतला प्रत्येक अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपणारा आहे. घरात निम्मे करत करत वाटणी करणाऱ्या माणसांची ही मोजमापे संगणकाच्या स्वभावाला जितकी जुळतात, तितका आपला आजचा दहा पैशांचा हिशेब जुळत नाही. दशमान नाण्यांनी माणसांचे काम सोपे केले आणि फ्लोटचे अवघड. पै मात्र या मेळात बसत नाही, कारण १९२ मध्ये तीन हा अवयव आहे; म्हणूनच फ्लोट न घेता पूर्णांक घ्या असे सांगितले.

पै न करता रुपयांतच हिशेब ठेवायचा हट्ट असेल, तर 'फ्रॅक्शन' हा प्रकार आहे. त्यात ४०/१९२ ही संख्या ५/२४ अशी संक्षिप्त होऊन अंश व छेद म्हणून साठते आणि बेरीज अचूक राहते. तो फ्लोटहून सावकाश चालतो, पण दहा वर्षांच्या वह्यांना त्याने काही बिघडत नाही.

वह्यांत १ पुढे एक, दोन वा तीन उभ्या रेघा दिसतील. त्या अनुक्रमे सव्वा, दीड आणि पावणेदोन होत. हे मी सांगायला नको, परंतु या पाव-अर्ध्याच्या खुणांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहेत हे कदाचित ठाऊक नसेल. पायथॉनच्या 'युनिकोडडेटा' विभागातील 'न्यूमेरिक' ही आज्ञा पावाच्या खुणेला ०.२५ हे मूल्य देते. 'इंट' मात्र त्या वाचत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: मी हिशेबनीस आहे. कराची रक्कम जवळच्या रुपयात आणण्यासाठी 'राउंड' वापरले. काही बिलांत साडेआठशे अडुसष्ट, म्हणजे ८६८.५० चे ८६८ झाले, तर ८६९.५० चे ८७० झाले. एकच आज्ञा दोन तऱ्हांनी कशी वागते? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आधी एक किरकोळ दुरुस्ती. ८६८.५० म्हणजे साडेआठशे अडुसष्ट नव्हे, साडेआठशे म्हणजे ८५०. "आठशे साडेअडुसष्ट" असे म्हणावे. आता मुद्दा. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'राउंड' बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम पूर्णांकावर नेतो. म्हणून २.५ चे २ आणि ३.५ चे ४. नेहमी वरच नेत राहिले, तर मोठ्या यादीची बेरीज हळूहळू फुगते. सम संख्येकडे नेल्याने निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली जाऊन ती फुगवटी कमी होते. शास्त्रीय मोजमापांसाठी ही रीत उत्तम आहे.

परंतु कर हे शास्त्रीय मोजमाप नाही, तेथे कायदा सांगेल तसेच करावे लागते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याचे कलम १७० सांगते की या कायद्याखाली देय असलेली कर, व्याज, दंड इत्यादींची रक्कम जवळच्या रुपयात आणावी. पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर रुपया वाढवावा आणि कमी असतील तर सोडून द्यावेत. समजा ९,६५० रुपयांवर केंद्राचा वाटा नऊ टक्के आहे. तो ८६८.५० होतो. कलमाप्रमाणे ८६९, पायथॉनच्या 'राउंड'प्रमाणे ८६८. रुपयाचाच फरक, पण हिशेबनिसाला तो विवरणपत्राच्या रात्री जागे ठेवतो. राउंड ऑफ प्रत्येक बिलागणिक करायचे की महिन्याच्या एकूण देय रकमेवर, हा प्रश्न प्रोग्रामचा नाही. तो आपल्या कर सल्लागारांना विचारून मगच प्रोग्राम लिहावा.

यात फ्लोटचा आणखी एक घोळ मिसळतो. 'राउंड(२.६७५, २)' याचे उत्तर २.६८ यावे असे वाटते आणि सम संख्येचा नियम लावला तरी तेच यायला हवे, पण येते २.६७. कारण २.६७५ ही संख्या आत २.६७४९९९… अशी साठते. ती मध्यावर नसतेच, मध्याच्या खाली असते. येथे 'राउंड'ला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून पैशांसाठी दोनच मार्ग धरावेत. पहिला म्हणजे सगळ्या रकमा पैशांत करून पूर्णांक ठेवणे, जसे साताऱ्याच्या वाचकांना पैविषयी सांगितले. दुसरा म्हणजे 'डेसिमल' विभाग वापरणे. तो दशमान पद्धतीतच मोजतो, आणि 'क्वांटाइझ' या आज्ञेला 'राउंड हाफ अप' हा नियम दिला की ८६८.५० चे ८६९ होतात. फक्त एक काळजी घ्यावी: 'डेसिमल("०.१")' असे अवतरणात लिहावे. अवतरणे विसरून 'डेसिमल(०.१)' लिहिले, तर आधी फ्लोट तयार होतो, त्याची सगळी तूट जशीच्या तशी आत येते आणि पंचावन्न दशांश स्थळांचे शेपूट पदरात पडते. ही चूक मी स्वतः एका संस्थेच्या व्याजाच्या हिशेबात केली होती आणि ती सापडायला दोन दिवस गेले होते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या अर्जात बरेच सभासद रक्कम देवनागरी आकड्यांत भरतात, काही जण स्वल्पविराम देऊन १,२५,००० असेही लिहितात. पायथॉनला हे आकडे समजतील काय? — एक वाचक, इंदूर

उत्तर: पहिला भाग ऐकून आपल्याला सुखद धक्का बसेल. 'इंट("१२५")' ही आज्ञा देवनागरी आकडे असलेला मजकूर घेते आणि नेहमीचा पूर्णांक देते. वेगळी काही सोय करावी लागत नाही. 'फ्लोट' आणि 'डेसिमल' यांनाही ते समजतात. युनिकोडने ज्यांना दशमान अंक म्हणून नोंदवले आहे, ते सगळे चालतात. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेले मोडी अंकही त्यांत आहेत. मात्र हे फक्त बाहेरून आलेल्या मजकुराला लागू आहे. प्रोग्राममध्ये अवतरणांशिवाय देवनागरी आकडा लिहिला, तर सिंटॅक्स एरर येते. गंमत अशी की चलाचे नाव 'किंमत' असे देवनागरीत ठेवता येते, त्याला 'किंमत१' असेही म्हणता येते, पण त्यात घालायचा आकडा मात्र रोमनच लागतो. छापण्याच्या वेळी पुन्हा देवनागरी अंक हवे असतील, तर मजकुराच्या 'मेकट्रान्स' आणि 'ट्रान्सलेट' या सोयींनी दहा अंकांची अदलाबदल करून घ्यावी. भरलेला मजकूर आकडाच आहे का, हे आधी तपासायचे असल्यास 'इजडेसिमल' वापरावे. 'इजडिजिट' हे नाव अधिक योग्य वाटते, परंतु ते वर्गाच्या चिन्हातील छोट्या दोनलाही होकार देते आणि मग 'इंट' तेथे अडखळतो.

स्वल्पविराम मात्र 'इंट'ला चालत नाही. 'रिप्लेस' वापरून तो आधी काढून टाकावा. खरा धोका वेगळाच आहे. प्रोग्राममध्ये कोणी सवयीने वर्गणी = १,२५,००० असे लिहिले, तर चूक दाखवली जात नाही. पायथॉन त्याला १, २५ आणि ० अशा तीन संख्यांचा संच समजतो, ज्याला टपल म्हणतात, आणि पुढे कोठेतरी भलतेच घडते. १,०५,००० लिहिले तर निदान ०५ पाशी तो अडतो. लाखांची गटवारी डोळ्यांना हवीच असेल, तर पायथॉन ३.६ पासून अंकांमध्ये अधोरेखा घालता येते. ती दर तीन अंकांनीच घालावी असे बंधन नाही, त्यामुळे १_२५_००० ही आपली मांडणी बिनदिक्कत चालते. छापताना मात्र स्वरूपाच्या आज्ञेत स्वल्पविराम मागितला, तर १२५,००० अशी पाश्चात्त्य गटवारी मिळते. लाख-कोटींची गटवारी हवी असल्यास 'लोकेल' विभागातून भारतीय मांडणी निवडावी लागते, आणि ती संगणकावर बसवलेली असेल तरच मिळते. मी तर आठ ओळींची स्वतःची आज्ञा लिहून मोकळा झालो आहे.

प्रश्न: -७ ला २ ने दुहेरी तिरप्या रेघेने भागले तर -४ का येते? आमच्या सी भाषेच्या तासाला -३ शिकवले होते. — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: पायथॉनचा हा भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे झुकतो, आणि -३.५ च्या खालचा पूर्णांक -४ आहे. सी भाषा शून्याकडे झुकते. पायथॉनच्या रीतीचा फायदा बाकीत दिसतो: भाजक धन असेल, तर बाकीही कधी ऋण होत नाही. सोमवार ०, मंगळवार १ असे वार मोजा. आज बुधवार, म्हणजे २. दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? २ उणे १० म्हणजे -८, त्याला ७ ने भागून पायथॉनमध्ये बाकी ६ उरते, म्हणजे रविवार. सीमध्ये हीच बाकी -१ येते आणि त्या नावाचा वार कोणत्याही पंचांगात नाही. 'इंट(-३.५)' मात्र पायथॉनमध्येही -३ देतो, कारण तो केवळ अपूर्णांक कापतो.

प्रश्न: पायथॉनमध्ये मोठ्यात मोठा पूर्णांक किती? — एक वाचक, पणजी

उत्तर: प्रकाराने घातलेली मर्यादा नाही, संगणकाची स्मृती पुरेल तोवर. बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांत दामदुपटीने ठेवलेल्या गव्हाच्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आहे, आणि २ चा ६४ वा घात उणे १ असे विचारल्यास पायथॉन ती शेवटच्या दाण्यापर्यंत देतो. फ्लोटमध्ये मात्र २ च्या ५३ व्या घातानंतर, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे, प्रत्येक पूर्णांकाला जागा उरत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ चे फ्लोट केले, तर शेवटच्या तीनच्या जागी दोन येतो. एकच अडसर अलीकडचा आहे. २०२२ पासून सुरक्षिततेसाठी ४,३०० अंकांहून लांब पूर्णांकाचे मजकुरात आणि मजकुराचे अशा पूर्णांकात रूपांतर करायला पायथॉन नकार देतो, कारण अशी रूपांतरे मुद्दाम करायला लावून एखादा सर्व्हर अडकवून ठेवता येतो. ही मर्यादा 'सिस' विभागातून वाढवता येते. गणित त्याहून मोठ्या संख्यांचेही चालते, फक्त ते छापायला सांगितले की तो थांबतो.